आत्या येईपर्यंत

छत्रपती संभाजीनगर
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय मोना,

शाळेच्या पत्त्यावर पत्र आलेलं बघून तुमच्या हेडबाई विचारतील, कुणाचं गं? सांग, कॉलेजातल्या मैत्रिणीचं. खोटं नाही ते. तुझी वहिनी मी नंतर झाले, आणि तीही तुझ्याच खटपटीनं. फोन तू उचलत नाहीस. अण्णांनी तुला माझ्याशी बोलायला बंदी केली आहे हे तुझ्या दादानं सांगितलं. शाळेचं टपाल तरी अण्णा फोडत नसतील.

तुझी भाची दोन महिन्यांची झाली. तिला डाउन सिंड्रोम आहे एवढं तुला माहीत आहे. डॉक्टरांनी दादाला सांगितलं त्याच संध्याकाळी सासूबाई पिशवी उचलून सिल्लोडच्या गाडीत बसल्या. पण ती दिसते कशी ते तुला कुणी सांगितलं नसेल. डोळे जरा तिरपे, जिभेचं टोक बाहेर, आणि हनुवटीला अगदी तुझ्यासारखी खळी. तुमच्या घराची खूण तोंडावर मधोमध घेऊन आली आहे कार्टी.

गावात काय सांगितलंय तेही कळलं. परवा माझी आई तिला दुपट्यात घेऊन क्रांती चौकात रिक्षाची वाट बघत उभी होती, तर तुमच्या शेजारच्या गोजरबाई समोरून आल्या आणि आईच्या गळ्यात पडून रडायलाच लागल्या. "देवानं लई वाईट केलं बाई, पहिलंच लेकरू नेलं." रडून झाल्यावर डोळे पुसत विचारलं, हे कुणाचं घेतलंय? आई म्हणाली, शेजारणीचं आहे. घरी येऊन तिनं मला हे सांगितलं आणि मग बराच वेळ तोंडात पदर कोंबून बसली.

तुझं लग्न तोंडावर आलंय. जालन्याच्या लोकांनी 'रक्तात दोष आहे' म्हणून पाय मागे घेतला तर, ही भीती मला कळते. म्हणून मी माहेरी गप्प बसले आहे. माझं मागणं एकच आहे. बारसं राहिलंय. आई म्हणते, आत्या धडधाकट असताना दुसऱ्या कुणी कानात नाव सांगितलं तर पोर बापाच्या घराला तुटते. मला हे पटतं की नाही ते सोड, पण मलाही तूच हवी आहेस. एखाद्या रविवारी मैत्रिणीकडे जाते म्हणून ये. घुगऱ्या करीन, पाळणा काही सजवणार नाही. तासाभरात मोकळी होशील.

दादा दर रविवारी येतो. तिला मांडीवरून खाली ठेवत नाही.

तुझी,
रूपा


२७ ऑक्टोबर २०२४

प्रिय मोना,

तू आली नाहीस. असो, दिवाळीची साफसफाई असेल.

इथं एका दवाखान्यात अशा लेकरांसाठी केंद्र आहे. आठवड्यातून दोनदा जाते. एक मोठी खोली, खाली रंगीत गाद्या, आणि भिंतीला टेकून बसलेल्या आम्ही आया. पहिल्या दिवशी कुणी कुणाकडे बघत नाही, दुसऱ्या दिवशी एकमेकींचे डबे उघडतात. सोनिया मॅडम तिथल्या मुख्य. टॉवेलची गुंडाळी छातीखाली देऊन पोरीला पालथं कसं घालायचं, दूध ओढता यावं म्हणून गालांना आतून बोट कसं फिरवायचं, हे त्या आमच्या हातून करून घेतात. चुकलं की हातावर चापट मारतात. आईला नव्हे, बापाला; काहींचे बापही येतात ना.

खुलताबादची सदफ माझी शेजारीण झाली आहे. तिचा इब्राहीम आपल्या पोरीपेक्षा महिनाभरानं मोठा. तिचे सासरे बाहेर बाकावर बसून असतात आणि दर दहा मिनिटांनी दार ढकलून विचारतात, हो गया क्या. मी पहिल्या दिवशी रडत होते तेव्हा सदफ म्हणाली, "रोना बाद में बाई, पहले दूध पिला. ठंडा हो रहा." तेव्हापासून आमचं जमतं.

एक गोष्ट सांगायची आहे. आम्ही सगळे म्हणायचो ना, किती गुणाची पोर, रडत नाही, झोपून असते. दवाखान्यात सासूबाईसुद्धा पहिल्या दिवशी हेच म्हणाल्या होत्या, त्यांना कळायच्या आधी. मी मोठ्या कौतुकानं हे मॅडमना सांगितलं. त्यांनी तिचे ओठ पाहिले, श्वास घेताना छाती कशी ओढली जाते ते पाहिलं. "गुणाची नाही हो, दमली आहे ती," म्हणाल्या.

त्याच दिवशी हृदयाची तपासणी झाली. मधला पडदा नीट तयारच झालेला नाही, मोठं छिद्र आहे. ऑपरेशननं बरं होतं, या लेकरांत बऱ्याच जणांचं होतं. पण ते सहा महिन्यांच्या आसपास व्हायला हवं. त्यापुढे जास्तीच्या रक्ताच्या माऱ्यानं फुप्फुसं खराब होतात, आणि मग ऑपरेशन करता येत नाही. मुंबईला सरकारी योजनेत फुकट होईल. लागतंय काय, तर तुमच्या घरचं रेशनकार्ड. माहेरच्या कार्डावरून माझं नाव लग्न झाल्यावर कमी केलं होतं, आठवतं? तूच हसली होतीस, आता तू पक्की आमची म्हणून.

दादा म्हणतो, पाच डिसेंबरला लग्न झालं की सहा तारखेला कार्ड आणतो. मधे मुंबईला महिनाभर राहिलो तर लोक विचारतील, कुणाचं ऑपरेशन? मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, डिसेंबर चालेल, पुढे ढकलू नका.

म्हणून गप्प आहे. हळद लागू दे तुला एकदाची.

रूपा


८ डिसेंबर २०२४

मोना,

तुझ्या ऋतुराजचे आजोबा गेल्याचं कळलं. वाईट वाटलं. लग्न मे महिन्यावर गेलं हेही कळलं, आणि खरं सांगते, आजोबांपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मे महिन्यात ती दहा महिन्यांची होईल. मी दादाला हे बोटांवर मोजून दाखवलं. तो म्हणाला, बघू. तुझ्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे मला तूच शिकवलंस.

अण्णा कुणाचं ऐकत नाहीत, पण तुझं ऐकतात. तू हट्ट केलास म्हणून त्यांनी तुला बी.एड.ला पाठवलं, तू हट्ट केलास म्हणून मला सून करून घेतली. आता एकदाच म्हण, अण्णा, कार्ड द्या. त्यांना नाही तर आईला म्हण. ते कार्ड तुमच्या लोखंडी कपाटात वरच्या खणात आहे, तू नुसतं पर्समधे घालून आणलंस तरी चालेल. कुणाला कळायचंही कारण नाही.

मागे लिहिलं होतं की दादा दर रविवारी येतो. तो एकदाच आला होता. तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं होतं, की मलाच, कोण जाणे.

तिला आता हसता येतं. वेळ लागतो, आधी भुवया वर जातात, मग तोंड उघडतं. तोवर आपण आपलं तोंड वेंगाडून धरायचं.

रूपा


१९ जानेवारी २०२५

मोना,

तू फोन केलास. मला वाटलं होतं बारशाचं विचारशील. तू बोललीस तेवढं सगळं मला पाठ आहे. "वहिनी, फक्त लग्नापर्यंत. माझं एकदा मोडलं तर परत कोण करणार आहे?" एवढी वर्षं एकटी असलीस की तू मला रूपा म्हणतेस. त्या दिवशी तुझ्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तूच म्हणालीस. तरी वहिनी म्हणालीस.

मग मी स्वतःच आले. तुला हे कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी, आई आणि पोर, आम्ही सिल्लोडला आलो. पुढच्या दारात जालन्याची गाडी उभी होती. तिळगुळाला आली होती ना मंडळी? आम्ही मागच्या दारानं आलो. सासूबाई भांडी घेऊन बाहेर आल्या आणि आम्हाला बघून तशाच थांबल्या. मग त्यांनी आम्हाला कापसाच्या शेडमधे नेऊन बसवलं. आई म्हणाली, कार्ड द्या, आम्ही चाललो. सासूबाई म्हणाल्या, कपाट बैठकीत आहे आणि पाहुणे बैठकीत बसलेत. आत तू हसत होतीस. तुझं हसणं मी चार भिंतींपलीकडून ओळखते.

पोरीनं दुपट्यातून पाय बाहेर काढले होते. सासूबाईंनी इकडं तिकडं पाहिलं आणि तिचा तळवा मुठीत धरला. बराच वेळ धरला. "पाय लई गार हायेत गं हिचे," म्हणाल्या, "मोजे घालत जाय." मग डोळे पुसून आत गेल्या आणि तिळाच्या लाडवांचा डबा देऊन आम्हाला वाटेला लावलं.

मला त्यांचा राग येत नाही, म्हणजे येतो, पण त्या पायाची आठवण झाली की मधेच थांबतो. तुझा येतो तो थांबत नाही. तू आत होतीस. तू हसत होतीस. एकदा बाहेर डोकावली असतीस तर मी तुझ्या पाया पडले असते, खरंच पडले असते.

इब्राहीमचं ऑपरेशन झालं. सदफ सांगत होती, तिच्या सासऱ्यांनी मुंबईला दवाखान्याच्या पायऱ्यांवर स्टोव्ह लावला म्हणून शिपाई भांडला. आता तो दूध मागताना ओरडतो म्हणे, सगळं घर जागं होतं. ऐकून मी हसले आणि घरी येऊन आईशी उगाच भांडले.

रूपा


२३ मार्च २०२५

मोना,

सोनिया मॅडम आज माझ्यावर चिडल्या. केंद्रात पुकारा होतो तो 'रूपालीचं बाळ' म्हणून. माझी आई तिला ठमी म्हणते, सदफ गुडिया म्हणते, मी बाई, माऊ, काय वाटेल ते. मॅडम म्हणाल्या, या लेकरांना एकच हाक शंभरदा ऐकावी लागते, तेव्हा कळतं की ही आपली. एक नाव धरा आणि सगळ्यांनी तेच म्हणा. मी म्हटलं, आत्या यायची आहे. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "अहो, मग आत्याला बोलवा," म्हणाल्या.

मी घरी येऊन तिच्या कानाशी तोंड नेलं होतं. एक नाव मनात आहे माझ्या. पण नाही सांगवलं. वाटलं, मीच नाव ठेवलं तर तुमच्या घरचं शेवटचं दार मी माझ्या हातानं लावलं असं होईल. तुला हा वेडेपणा वाटेल. सदफलाही वाटतो. ती म्हणाली, आमच्यात कानात अजान द्यायला कुणी नसलं तर बाप देतो, बाप नसला तर जो असेल तो देतो, लेकराला कशाला ताटकळत ठेवायचं.

तिला तेल लावताना मी तुझ्याशी भांडत असते. मोना असं कर, मोना तसं कर, मोना ऐक ना. आई म्हणते, भिंतीशी काय बोलतेस? ती पोर मात्र माझ्या तोंडाकडे बघत पडून असते.

रडली की तिचे ओठ हल्ली जांभळे होतात. म्हणून मी तिला रडू देत नाही. तुझं लग्न बारा मेला आहे ना? त्याआधी आलीस तर.

रूपा


१७ ऑगस्ट २०२५

मोनिका,

तुझ्या नव्या शाळेचा पत्ता दादानं दिला. लग्नाचा व्हिडिओ मी पाहिला होता. तुझा शालू छान होता. बायका विचारत होत्या म्हणे, सून का नाही आली, तर अण्णा म्हणाले, अजून सावरली नाही बिचारी. ते खरंच आहे.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी दादा कार्ड घेऊन आला. शब्दाला जागला, त्याला बोल लावता येत नाही. आम्ही तिघं मुंबईला गेलो. आधी नंबर लागेना, मग तिला ताप आला, मग जांघेतून नळी घालून तपासणी झाली. दादा बाहेर उभा राहून भिंतीवरच्या सूचना वाचत होता, मराठी झाल्या की हिंदी.

डॉक्टर भले होते. खुर्च्या देऊन बसवलं, चित्र काढून दाखवलं. फुप्फुसातल्या नळ्या कडक झाल्या आहेत. आता ते छिद्र बुजवलं तर हृदयाला तेवढीही वाट उरणार नाही, पोर टेबलावरच जाईल. औषधं चालू ठेवा म्हणाले. किती वर्षं, ते सांगता येत नाही, काही लेकरं मोठीही होतात, दमत दमत. दादानं विचारलं, आधी आणलं असतं तर? डॉक्टरांनी कागदावरची तिची जन्मतारीख पाहिली. मग म्हणाले, जानेवारीत आणली असती तर मी हिला घेतली असती.

तुझा भाऊ तिथं खाली बसला. फरशीवर. मी त्याला उठवलं नाही.

हे तुला का लिहिते आहे? तुझ्या सुखात माती कालवायची म्हणूनच लिहिते आहे. दुसरं कारण नाही. आता हे पत्र लिहून झालं की पुन्हा लिहिणार नाही.

रूपाली


११ जानेवारी २०२६

मोना,

पुन्हा लिहिणार नव्हते. तुझा मेसेज आला म्हणून लिहिते.

"रूपा, मला दिवस गेलेत. डॉक्टरीण विचारत होती, जवळच्या नात्यात कुणाला डाउन सिंड्रोमचं मूल आहे का. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. मी नाही म्हणाले. आता झोप लागत नाही. काय सांगू?"

पहिल्यांदा वाचला तेव्हा फोन गादीवर फेकला. भाची कशी आहे, एवढंही विचारावंसं वाटलं नाही तुला. दोन दिवस मी उत्तरं जुळवली, एकाहून एक जहरी. मग सोनिया मॅडमना जाऊन तुझं विचारलं. तेवढी मैत्रीण मी अजून आहे, माझाच इलाज नाही.

तर ऐक. रक्ताचा रिपोर्ट मॅडमनी पुन्हा काढून पाहिला. तिचा प्रकार घराण्यातून येणारा नाही. तो आपोआप घडतो, कुणाच्याही घरी, कुणाच्याही पोटी. भाची अशी आहे म्हणून तुझ्या बाळाला जास्तीचा धोका नाही. खात्रीसाठी तू तुझ्या डॉक्टरणीला विचार, पण त्यासाठी आधी तिला खरं सांगावं लागेल. म्हणजे बघ, ज्या दोषापायी अण्णांनी जित्या पोरीला मेली म्हणून सांगितलं, तो दोष तुमच्या रक्तात नव्हताच. जालन्याच्या लोकांना कुणी नीट सांगितलं असतं तर त्यांना कळलंही असतं कदाचित. आपण त्यांना विचारलंच कुठं?

आणि समजा तुझं बाळ असं झालंच, तर ते रडत नाही म्हणून कौतुक करत बसू नकोस. पहिल्याच आठवड्यात हृदय तपासून घे. केंद्र शोध, गादीवर जाऊन बस, कुणाच्या लग्नासाठी थांबू नकोस. तुझी धाकटी नणंद लग्नाची आहे, हे मला माहीत आहे.

माझा तुझ्यावर राग आहे. तो जाईल असं मला वाटत नाही. पण तू येऊन समोर बसलीस तर चहा देईन.

आता तिचं सांगते. ती बसते. उशांच्या आधारानं, पण बसते, आणि राणीसारखी चहूकडं बघते. चार घास खाल्ले की दमते, मग मी थांबते, मग पुन्हा चार घास. नखं जांभळी असतात. थंडीत बाहेर काढत नाही. माझ्या सासूबाईंनी गोजरबाईंच्या हाती लोकरीचे मोजे पाठवले. गोजरबाई स्वतः घेऊन आल्या आणि पोरीला बघून दारातच बसल्या. दादा आता खरंच दर रविवारी येतो. तिला मांडीवरून खाली ठेवत नाही. मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं तसंच.

आणि बारशाचं. दिवाळीच्या आधी केंद्रात मॅडम तिच्या पाठीमागं बसून हाका मारून बघत होत्या. ठमी, गुडिया, माऊ. ती हातातल्या डब्याच्या झाकणाशी खेळत होती, मान वळवेना. मी आपली बाजूला सदफला सांगत होते की आता मोनाला पत्र लिहायचं बंद केलंय. तर ती वळली. अख्खी मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. मॅडम म्हणाल्या, पुन्हा म्हणा, काय म्हणालात? मी म्हटलं, मोना. आधी भुवया वर गेल्या, मग तोंड उघडलं, आणि हसली. मग मॅडमनी मागून हाक मारली, सदफनं मारली, दाराबाहेरून सदफच्या सासऱ्यांनीसुद्धा मारली. प्रत्येक हाकेला वळली.

वर्षभर तेल लावताना मी तुझ्याशी भांडत होते. मोना ऐक, मोना ये ना, मोना एकदा तरी ये. तिला वाटत राहिलं, आई मलाच बोलावते आहे.

आता केंद्रात तेच नाव लावलं आहे. मी बदलून पाहिलं, दुसऱ्या हाकेला वळत नाही.

तेव्हा पुन्हा डॉक्टरणीकडे जा. तुझ्या सासूबाई शेजारी बसल्या असल्या तरी सांग, की मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. आहे. माझ्या भावाची मुलगी आहे, दीड वर्षाची, संभाजीनगरला आईजवळ असते. नाव विचारलं तर सांग, मोना.

रूपा